गोळी समोरच गिळायची

सोमवार, ४ जुलै १९७७

बोट धरलं. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं. सरकारी कामासाठी.

"ताप आहे का घरात कुणाला?" हेच विचारत दर पंधरवड्याला गावंच्या गावं पालथी घालायची, ही माझी नोकरी. बसनाळला महादेवप्पांच्या दुकानापुढं सायकल लावून हाळी दिली, तर आतून तीच आली. महानंदा. त्यांची मुलगी. म्हणाली, "मलाच आहे. कालपासनं."

स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली, काचेवर थेंब घेतला. थेंब गोल पसरवायचा असतो. माझा पसरला जिल्ह्याच्या नकाशासारखा! तिचं बोट मात्र हललं नाही.

"दुखलं का?"

"तुमालाच दुखल्यासारखं दिसतंय," म्हणाली.

मलेरियाच्या चार गोळ्या दिल्या. आतून तांब्या आणला, गटागट गिळल्या. तोंड वाकडं. फार कडू असतात.

काच सोलापूरला जाणार, तपासून निकाल यायला महिना-दीड महिना. तोवर माणूस बरा तरी होतो, नाहीतर जातो. कुंडलिकराव म्हणतात, "आपलं काम काच पाठवायची. पुढचं देव जाणे." असला सुपरवायझर! भांडणार होतो. आज नाही भांडलो.

आज बोट धरलं होतं.

गुरुवार, ७ जुलै

आप्पा आले होते माळशिरसहून. पोरगा काय दिवे लावतोय ते बघायला एस.टी.चे एवढे धक्के खाल्ले. होटगीतली माझी खोली बघितली, कोपऱ्यातली सुयांची पेटी बघितली.

"आरं, कालेज सोडलंस त्ये सोडलंस. डास मारायला हितवर यायचं व्हय? आपल्या रानात डास न्हाईत का काय?"

म्हटलं, डास मारत नाही मी, रक्त तपासायला घेतो.

"म्हंजे डासाचंच काम की!"

जेवून गेले. जाताना शेंगांची चटणी ठेवून गेले. कॉलेजचं पुन्हा काढलं नाही. त्यांना वाटतं मी नापास झालो. नापास नाही झालो! त्या प्रयोगशाळेतल्या मास्तरानं सगळ्यांदेखत "नांगर धरायच्या हातांनी काच धरता येत नाही" म्हटलं. हातातली परीक्षानळी फरशीवर आपटली आणि बाहेर पडलो. परत पाऊल टाकलं नाही.

आता रोज काचच धरतोय.

शुक्रवार, १५ जुलै

आरोग्य केंद्रात सगळ्यांना बोलावलं होतं. वरून नवी योजना आलीय. डॉक्टरसाहेबांनी कागद वाचला, तो कुणाला कळला नाही. मग कागद बाजूला ठेवून सांगितलं, तेव्हा कळलं. काचेच्या निकालाची वाट बघत बसायचं नाही. प्रत्येक गावात एका घरी गोळ्या ठेवायच्या. ताप आला की माणूस तिथं जाणार, तिथल्या तिथं गोळ्या. ठेवणाऱ्याला पगार नाही, मान आहे. दारावर पत्र्याची पाटी: 'ताप उपचार केंद्र'.

पटलं मला! सरकारचं काही पहिल्यांदाच पटलं. मलेरिया हटला म्हणून भिंतींवर लिहून ठेवलेलं अजून पुसलेलं नाही, आणि त्याच भिंतीआड माणसं गोधडीत कुडकुडतायत. आता गोळी गावातच.

घर असं पाहिजे की लोकांची जा-ये आहे. वाचता येणारं कुणी पाहिजे. आणि एक गोष्ट साहेबांनी दोनदा सांगितली: "गोळ्या हातात देऊन घरी पाठवायचं नाही. समोर गिळायला लावायचं. कडू म्हणून लोक उकिरड्यावर टाकतात."

"मानसिंग, बसनाळला कुणाचं घर?"

तोंडातून निघूनच गेलं, "महादेवप्पांचं. किराणा दुकान आहे. मुलगी सातवी पास आहे."

कुंडलिकरावांनी चष्म्यावरून बघितलं. "शिफारस दुकानाची करतोयस का मुलीची?" सगळे फिदीफिदी.

पण घर बरोबरच आहे की! दुकानात अख्खं गाव येतं. मीठ-मिरचीला कोण येत नाही?

शनिवार, २३ जुलै

पाटी लागली! महादेवप्पांनी स्वतः खिळे ठोकले. कपाळावर भस्माचे पट्टे, तोंडात दोन खिळे, तशातच बोलत होते, "सरकारनं आमचं घर बघितलं. गावात काय घरं नव्हती?" मग नारळ फोडला. तूरडाळ न्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी पाटी दाखवली, मग डाळ.

आतून महानंदाच्या आईचा, कमलम्मांचा, कानडी आवाज, "यार री अवरु?" कोण आहेत ते, म्हणून.

"मलेरियादवरु, अव्वा," महानंदा म्हणाली. मलेरियावाले. माझं नाव तिला माहीत आहे. आईपुढं घेतलं नाही.

तिला शिकवायला बराच वेळ लागला. (लागू दिला.) मोठ्या माणसाला चार गोळ्या, पोरांना वयाप्रमाणं. रिकाम्या पोटी नको. आणि समोर गिळायला लावायच्या.

"लावते की. पोरांनी न्हाई ऐकलं तर नाक दाबते."

"मोठ्यांनी नाही ऐकलं तर?"

"तुमाला बोलावते. तुमी वरडता म्हणे चांगलं."

म्हणजे चौकशी केलीय माझी! कुणाकडं केली?

आता दर पंधरा दिवसांनी गोळ्या किती उरल्या ते बघायला मला त्या घरी जावंच लागणार. माझ्या मनावर नाही. सरकारचा नियम आहे!

मंगळवार, २ ऑगस्ट

पंधरवडा संपत नाही.

शनिवार, ६ ऑगस्ट

गेलो. ओट्यावर बसायला घोंगडी टाकली, चहा आला. यंदा अधिकाचा धरून श्रावण दोन आहेत, म्हणजे महादेवप्पांच्या पूजा दुप्पट. ते आत पूजेला बसले होते. देव पावतो तो असा.

डबा बराच रिकामा झालाय. ती सगळं सांगत होती. कोण येतं, खालच्या आळीतली माणसं फळीबाहेर कुठं उभी राहतात, त्यांच्या हातावर वरून गोळ्या कशा टाकते. मी तिची हिरवी काकणं बघत होतो. बोलताना ती एक हात दुसऱ्या हातानं धरते, वाजू नयेत म्हणून.

"ऐकताय का?"

"हो."

"काय म्हटलं मी?"

"...चांगलं चाललंय."

हसली. परतताना सायकलची साखळी निसटली, ती बसवली कधी तेही आठवत नाही.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

कळत नाही. डबा संपतोय आणि ताप कमी होत नाही! खालच्या आळीत घरटी एक अंथरुणाला आहे. पावसाचं पाणी डबक्यांत साचलंय, डास आहेत, ते खरं. पण गोळ्या घेतल्यावर तरी माणूस उठायला हवा. तिथल्या तात्याबाला विचारलं, गोळ्या आणल्या होत्या का? "आनल्या की." मग? "मग काय, ताप हाय."

कुंडलिकरावांना विचारलं. ते म्हणाले, "गोळ्या गिळतच नाहीत रे ते. गेल्या साली नसबंदीच्या गाड्या फिरल्या ना गावोगाव, अजून त्याचीच धास्ती. म्हणतात, ह्या गोळ्यांनी पोरं व्हायची बंद होतात."

हेच असणार! संध्याकाळी तडक पारावर गेलो. माणसं होती. म्हटलं, "बघा, सरकारी गोळ्या!" आणि चारही त्यांच्यासमोर तोंडात टाकल्या, चावून खाल्ल्या. "मला पोरं नाही झाली तर या विचारायला!"

"आदी लगीन तर करा," कुणीतरी मागून बोललं. सगळा पार हसला.

दुपारचं जेवलो नव्हतो. आंबेवाडीच्या ओढ्यापाशी सगळं उलटून पडलं. कानात शिट्टी, अंगाला खाज.

शुक्रवार, २ सप्टेंबर

अंबुबाईला सोलापूरला पोचवून आलो.

तात्याबाची बायको. पोटुशी, सातवा सरत आलेला. चार-पाच दिवसांच्या तापात भांगलायला जात होती. आज रानातच पडली. मी सायकलवरून येत होतो, माणसं गोळा झालेली दिसली. बैलगाडीतून होटगी, तिथून रेल्वेनं सोलापूर. गाडीत थडाथडा उडत होती, नंतर बरळायला लागली. तात्याबा तिचा हात धरून नुसता "आगं, आगं" करत होता.

दवाखान्यात नर्सनं लुगड्याचा पदर मोकळा केला. टोकाला गाठ होती. गाठ सोडली.

चार गोळ्या. आपल्याच.

माझं डोकंच फिरलं. भर वऱ्हांड्यात तात्याबाची गचांडी धरली. "मर्दा, गोळ्या गाठीला बांधून ठेवता? गिळायला काय झालं होतं? बायकोच्या जिवापेक्षा कडूपणा मोठा झाला का?"

त्यानं हात झटकला नाही. म्हणाला, "कशानं गिळायच्या, सायब? थुक्यानं?"

"म्हणजे?"

"दुकानाफुडं तिला पानी कोन देनार? सांच्याला घरी जाऊन घेती म्हनली. घरी गेल्यावर सैपाक, पोरं. मग झोपली. सकाळी परत रान. रिकाम्या पोटी घेऊ नगा म्हनलं हुतं न्हवं? भाकरीबरुबर घेती म्हनली."

नर्स म्हणाली, बाहेर व्हा दोघंही.

शनिवार, ३ सप्टेंबर

अंबुबाई वाचली. मूल गेलं.

सोमवार, ५ सप्टेंबर

श्रावणी सोमवार. महादेवप्पा देवळात. ओट्यावर गेलो आणि उभ्याउभ्याच विचारलं, "खालच्या आळीतल्यांना गोळ्या देतेस, पाणी का देत नाहीस?"

महानंदा माझ्याकडं बघतच राहिली. "तुमाला म्हाईत नव्हतं?"

"समोर गिळायला लावायच्या, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पाणी द्या म्हणून सांगितलं होतं का? कागदावर तरी लिहिलंय का?" मग हळू बोलली, "अव्वानं एक पेला येगळा ठेवला होता. भाएरच्या कोनाड्यात. येगळा पेला बघितला की कुणी हात लावत न्हाई त्याला. गोळ्या घेतात आन् जातात. म्हटलं, घरी घेत असतील."

"मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं. त्या दिवशी. तुमी म्हणालात, चांगलं चाललंय."

कोनाड्यात बघितलं. पेला कोरडा.

मग म्हटलं, हे केंद्र इथून हलवायला लागेल. बोलून गेलो आणि आपण काय बोललो ते मग कळलं. तिला आधीच कळलं होतं.

फळीवरचं पीठ पुसत होती. मान वर न करता विचारलं, "एक सांगा. डबा हितं कशासाठी ठेवला होता? माझ्यासाठी का तापासाठी?"

तेवढ्यात महादेवप्पा आले. बरं झालं.

मंगळवार, ६ सप्टेंबर

हलवलं नाही तर? कुणी विचारणार नाही. योजना कागदावर बरोबर आहे. घर आहे, पाटी आहे, डबा संपतो. कुंडलिकराव खूश. मी दर पंधरवड्याला ओट्यावर चहा पिईन.

आणि पदराला गाठी.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

जागा सापडत नाही! शाळा संध्याकाळी बंद. ग्रामपंचायतीची किल्ली सरपंचाच्या करगोट्याला. मारुतीच्या देवळात कोण येणार, कोण नाही, ते सांगायला नको. खालच्या आळीत ठेवावं तर वरची आळी येणार नाही. बरं, दुपारी कुठंही ठेवून उपयोग नाही. माणसं दिवसभर रानात, रिकामी होतात ती दिवेलागणीला.

दमून परत निघालो आणि रेल्वेच्या फाटकात अडकलो. छोट्या लाइनची इंडीकडची गाडी यायची होती. रानातून परतणारं सगळं गाव तिथं तुंबलेलं. डोक्यावर गवताचे भारे, शेळ्या, बैलगाड्या. वरची आळी, खालची आळी, सगळी एका दांडीला टेकून. फाटकवाल्या रामहरीच्या खोलीपुढं रांजण, त्याला साखळीनं बांधलेला इनॅमलचा मग. त्याची बायको सोजरबाई वाती वळत बसलेली. एक बाई आली, मग बुडवून पाणी प्यायली. खालच्या आळीची. मागोमाग रेल्वेच्या गँगचा मुकादम, वरच्या आळीचा. तोच मग!

रामहरीला म्हटलं, "हे चालतं?"

"काय चालतं?"

"सगळ्यांना एकच मग."

"ह्यो मग रेल्वेचा हाय," रामहरी म्हणाला. "गाडीत कोन कुनाच्या मांडीला मांडी लावून बसलंय, इचारतंय का कुनी? रेल्वे म्हनलं की इशय संपला."

फाटक उघडलं, माणसं गेली. मी तिथंच उभा. सोजरबाई म्हणाली, "गाडी गेली की, सायब. आता काय मालगाडीची वाट बघताय?"

मंगळवार, १३ सप्टेंबर

फाटकात डबा ठेवायची परवानगी मागायला सोलापूरच्या ऑफिसात गेलो. रीतसर. कुंडलिकराव नको म्हणत असताना.

हेडक्लार्क म्हणाला, "जमणार नाही. फाटक रेल्वेचं, रेल्वे केंद्राची. गोळ्या राज्याच्या."

म्हटलं, "आणि डास कुणाचे?"

"आवाज खाली."

टेबलावर हात आपटला. शाईची दौत पडली, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मेमो मिळणार.

पण आवाज ऐकून आमचे डॉक्टरसाहेब आतून आले, मीटिंगला आलेले होते. बाहेर झाडाखाली नेलं. मी सांगितलं सगळं. अंबुबाई, पदर, पेला, रांजण. ते म्हणाले, "समोर गिळायला लावा, हे मी प्रत्येक मीटिंगला सांगत आलो. पाणी कुठलं, हे मलाही सुचलं नाही. अशी किती गावं असतील?"

मी म्हटलं, सगळीच.

"वर लिहितो. नियमात एक ओळ घातली पाहिजे. गोळ्या देण्याच्या ठिकाणी सर्वांना घेता येईल असं पिण्याचं पाणी असावं. तोवर तुझ्या फाटकाचं बघ. त्या सोजरबाईला वाचता येतं?"

"रामहरीला येतं. गाड्यांच्या वेळा वाचतो."

"मग झालं. रेल्वेला मी विचारत नाही. तूही विचारू नकोस."

मंगळवार, २० सप्टेंबर

डबा काढला.

महादेवप्पा ओट्यावर उभे. "आमच्याकडनं काय कमी झालं? नारळ फोडून घेतलं आमी. आता गाव काय म्हणंल? सरकारनं काढून घेतलं म्हणंल. आन् ठेवणार कुटं? फाटकात!"

म्हटलं, तिथं सगळे पाणी पितात म्हणून.

"म्हंजे आमच्या पाण्यात खोट हाय?"

पाण्यात नाही म्हणालो. हे बोलायला नको होतं. पण तोंड माझं!

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मराठी संपली. "साकु. बरबेडरी." पुरे, येऊ नका. मग मला कळावं म्हणून परत मराठीत, "ह्या वट्ट्यावर परत पाय नको."

पाटी महानंदानं काढून आणली. पुसून. खिळे वेगळ्या पुडीत बांधलेले. हातात दिली, बघितलं नाही. आत गेली. काकणं वाजली. या वेळी हात धरला नव्हता.

बुधवार, २१ सप्टेंबर

मेमो आला. तीन दिवसांचा पगार कापला. मला वाटलं होतं जास्त लागेल.

बुधवार, ५ ऑक्टोबर

फाटक चालू आहे, जोरात! गाडीची वेळ झाली की रामहरी दांडी पाडतो आणि ओरडतो, "ताप असलेला कोन हाय रं, फुडं या!" सोजरबाई मग भरून देते आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहते. "गीळ. तोंड उघड. जीभ वर कर. मुडद्या, गालात ठेवलीस व्हय? बघितलं मी!" माझ्यापेक्षा बरी ओरडते. एकाची गोळी गिळून होईना तर रामहरी म्हणाला, "गिळ बाबा लवकर, गाडी खोळंबलीया." गाडी खरंच सिग्नलला उभी होती. त्याचा संबंध नव्हता.

खालच्या आळीतली माणसं अंथरुणावरून उठायला लागलीत. अंबुबाई पहिल्यांदा बाहेर दिसली. काही बोलली नाही. तात्याबानं तंबाखू पुढं केली. मी खात नाही. खाल्ली.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

वरच्या आळीतलं कुणीच येत नाही!

तिकडं आता ताप निघालाय. गवळ्याकडं दोघं, शिंप्याकडं एक. फाटकात थांबतात, गोळ्या मागतात, पण मगाला शिवत नाहीत. "घरी घेतो." मुकादम सरकारी माणूस, त्याला चालतं. घरंदाज बायकांना नाही. म्हणजे आता गाठी ह्यांच्या पदराला! सोजरबाई म्हणते, "तहान लागल्यावर पितील." पण ताप काय तहानेची वाट बघतो?

मी वरच्या आळीत जाऊन ओरडून आलो. दारं लावून घेतली लोकांनी.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

वरून परिपत्रक आलं. साहेबांची ओळ घेतलीय! कुंडलिकरावांनी मोठ्यानं वाचली: "गोळ्या देण्याच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय असावी."

म्हटलं, पुढं?

"पुढं काही नाही."

"सर्वांना घेता येईल असं, हे कुठं गेलं?"

कुंडलिकरावांनी कागद उलटा करून बघितला. "वाटेत गळालं असेल," म्हणाले. हसले नाहीत. हा माणूस पहिल्यांदाच हसला नाही. मग दौतीत टाक बुडवला आणि आमच्या फायलीतल्या प्रतीवर समासात स्वतःच्या हातानं तेवढे शब्द लिहिले. "आपल्या हद्दीत तरी असू देत."

सोमवार, २४ ऑक्टोबर

इंडीचे पाहुणे येऊन गेले. महानंदाला बघायला. फाटकातूनच आले, गेले. रामहरीनं सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मुलाचं कापडाचं दुकान आहे. पसंत पडली म्हणे. न पडायला काय झालं!

आज चार गावं केली. कुणाच्या घरी काय विचारलं आठवत नाही. काचा तेवढ्या भरल्यात.

शनिवार, २९ ऑक्टोबर

कमलम्मांना ताप आहे. एक दिवसाआड थंडी वाजून येतो म्हणे. शिंपीण फाटकात कुणाला तरी सांगत होती. महादेवप्पा काढे देतायत. गोळ्या मागायला फाटकात माणूस पाठवायचा नाही, म्हणाले.

मी जाऊ शकत नाही. त्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही.

गेलो. दुकानाच्या पुढं रस्त्यात उभा राहून ओरडलो, "कमलम्मांना गोळ्या द्या! एक दिवसाआड येतोय तो मलेरियाच!" महादेवप्पांनी फळ्या लावून घेतल्या, एकेक करून. शेवटच्या फळीच्या फटीतून कुणीतरी बघत होतं.

रविवार, ३० ऑक्टोबर

काही नाही.

मंगळवार, १ नोव्हेंबर

गाडीच्या वेळेला महानंदा आली. भर फाटकात, दांडी पडलेली, दोन्ही आळ्या उभ्या. म्हणाली, "ताप हाय." सोजरबाई घाबरली. "अक्का, थांबा, येगळा गिलास धुऊन देते." महानंदा म्हणाली, "ह्योच द्या." अंबुबाईनं आत्ताच ठेवलेला मग उचलला, बुडवला, चार गोळ्या सगळ्यांदेखत गिळल्या. तोंड वाकडं केलं नाही. मग बोट पुढं केलं.

मी धरलं. हात गार होता. ताप नव्हताच.

तिनं तोच मग परत भरला आणि मागं वळून दिला. मागं कमलम्मा उभ्या होत्या, डोक्यावरून घोंगडी घेतलेल्या, थरथरत. त्या लेकीकडं बघत राहिल्या. मग प्यायल्या. त्यांच्या मागं गवळीण. तिच्या मागं शिंपीण.

माझ्यासाठी आली का तापासाठी, विचारलं नाही.